एकापेक्षा जास्त बँडसाठी गाणी करताना

पुण्या-मुंबईत स्वतःची गाणी करणारे बरेच जण आज एकाच जागी नसतात. एका रॉक बँडबरोबर जॅमपॅड (सरावाची खोली), मित्राच्या एकांकिकेचं संगीत, ओळखीच्या गायिकेसाठी दोन गाणी, आणि भाडं निघावं म्हणून एखादी जिंगल. हे सगळं सांभाळताना दोन तक्रारी हमखास कानावर येतात. पहिली: "तुझी सगळी गाणी सारखीच वाटतात रे." दुसरी: "ते गाणं तू त्यांना का दिलंस?"

माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. चाल सुचली की लगेच ती अमक्या बँडची म्हणून आपण मोकळे होतो, पण तो बँड नेमका काय आहे हे कुणी कधी बसून ठरवलेलं नसतं. हा क्रम उलटा करायचा. आधी प्रत्येक प्रकल्पाची चौकट पक्की करायची, आणि कुठला तुकडा कुणाचा हे जमेल तितकं उशिरा ठरवायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने जातात.

पायरी १: प्रत्येक प्रकल्पासाठी एक पान

वहीत प्रत्येक बँडला एक पान द्या. त्यावर "आमचा साउंड" वगैरे लिहू नका, त्याने काही हाती लागत नाही. मोजता येतील अशाच गोष्टी लिहा.

सगळ्यात आधी गळा. गायकाची पट्टी कुठली, खाली कुठपर्यंत आवाज भरीव राहतो, वर कुठे ताणतो. आपल्याकडे पुरुष गायक साधारण काळी एक-काळी दोनच्या (ही पेटीवरच्या सुरांची नावं) आसपास आणि गायिका काळी चार-काळी पाचच्या आसपास गातात, पण या अंदाजावर विसंबू नका, प्रत्यक्ष गाऊन घ्या. कारण पट्टी बदलली की गिटारचा स्वभाव बदलतो. समजा, मोकळ्या जाड तारेवर, म्हणजे पांढरी तीनमध्ये, तुम्ही एक वजनदार रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा वाद्यतुकडा) केली. गायिकेला हवी काळी चार. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) गिटारच्या चौथ्या पडद्यावर लावला की बोटं तीच राहतात, पण रिफचं वजन जातं. ती पातळ आणि चकचकीत वाजते. अशा वेळी पांढरी तीन तशीच ठेवून तिच्या गळ्याला बसेल अशी चाल दुसऱ्या सप्तकात, वेगळ्या सुरांभोवती नव्याने बांधणं जास्त फायद्याचं ठरतं. गाण्याचं रूप खऱ्या अर्थाने बदलतं ते अशा ठिकाणी.

मग वाद्यं. स्टेजवर प्रत्यक्ष किती जण असतात? बेस आहे का? ढोलकीवाला दर कार्यक्रमाला येतो, की फक्त पैसे असतील तेव्हा? त्यानंतर भाषेचा बाज, गाणं कुठे वाजणार (बसून ऐकणारं सभागृह की उभं राहून ओरडणारं मैदान), आणि आधी काय येतं, चाल की शब्द.

गिटारवादक-गायक जॅक व्हाइटकडे बघा. द व्हाइट स्ट्राइप्स म्हणजे दोनच माणसं, तो आणि ड्रम्सवर मेग व्हाइट, बेसवादक नाहीच. साहजिकच तिथली रिफ एकट्याने खोली भरून टाकणारी लागते. द रॅकॉन्टर्समध्ये ब्रेंडन बेन्सन हा दुसरा गीतकार-गायक सोबत आहे, म्हणजे गाण्यात दोन आवाजांना जागा हवी. द डेड वेदरमध्ये तर हा गडी ड्रम्सवर बसतो आणि पुढे अ‍ॅलिसन मॉसहार्ट गाते. माणूस तोच, पण बसायची जागा बदलली की हातातून निघणारं गाणंही बदलतं. त्याच्या आवडीनिवडी या तीन बँडमध्ये तिपटीने वाढल्या नव्हत्या. वाढल्या त्या अडचणी, आणि त्याही त्याने स्वतःहून ओढवून घेतलेल्या.

डेमन अल्बार्नचं उदाहरण उलट्या बाजूचं. ब्लर हा चार मित्रांचा बँड. गोरिलाझ हा चित्रकार जेमी ह्युलेटबरोबर उभा केलेला कार्टून पात्रांचा बँड, त्यामुळे तिथे प्रत्येक गाण्याला वेगळा पाहुणा गायक किंवा रॅपर चालतो. किंबहुना त्यासाठी जागा सोडावीच लागते. २०१० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्याने गोरिलाझचा एक अल्बम बराचसा आयपॅडवरच केला. हॉटेल, प्रवास आणि हातातलं एक यंत्र, एवढीच त्या अल्बमची चौकट.

तुमच्या दोन पानांवरच्या नोंदी जवळपास सारख्या निघाल्या, तर ते दोन बँड नाहीत. एकाच बँडला दोन नावं आहेत. हे आधी कळलेलं बरं.

पायरी २: तुकडे बेवारस ठेवा

सुचलेलं सगळं फोनवर रेकॉर्ड करा, पण फाइलच्या नावात बँडचं नाव घालू नका. "सहा मात्रा, संथ, काळी दोन, उतरती ओळ" असं नाव पुरे. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला षड्ज गुणगुणून घ्या आणि चार टिचक्या वाजवून लय नोंदवा. नाहीतर महिन्याभराने ऐकताना सम कुठे होती हेच कळत नाही, आणि चालीतली गंमत नेमकी तिथेच असते.

तुकडा किती काळ पडून राहावा? रेडिओहेड या बँडचं "ट्रू लव्ह वेट्स" त्यांनी १९९५ मध्ये मंचावर वाजवलं होतं. स्टुडिओतलं रूप अल्बमवर आलं २०१६ मध्ये, तेही गिटार जाऊन पियानो आल्यावर. डेव्ह ग्रोल निर्वाणा या बँडमध्ये ड्रम्स वाजवत असतानाच स्वतःची गाणी बाजूला साठवत होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये सिअ‍ॅटलजवळच्या एका स्टुडिओत त्याने जवळपास सगळी वाद्यं स्वतः वाजवून ती ध्वनिमुद्रित केली, आणि तोच पुढे फू फायटर्सचा पहिला अल्बम झाला. निर्वाणात ती गाणी रेटली नाहीत म्हणून ती वाया गेली नाहीत.

जॉश होमने तर अशा बेवारस गाण्यांसाठी वेगळी जागाच काढली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या जोशुआ ट्री इथल्या एका स्टुडिओत १९९७ पासून तो निरनिराळ्या बँडचे वादक जमवून "डेझर्ट सेशन्स" करतो. तिथे झालेली काही गाणी पुढे त्याच्या मुख्य बँडमध्ये, क्वीन्स ऑफ द स्टोन एजमध्ये, नव्याने आली. आपल्याला वाळवंट परवडत नाही, पण महिन्यातून एक संध्याकाळ कुठल्याच बँडच्या नावाने न भेटता तीन-चार वादकांनी बसायला काय हरकत आहे?

पायरी ३: चाल आधी की शब्द आधी, हे प्रत्येक प्रकल्पात एकदाच ठरवा

यात थोडं रेंगाळू, कारण मराठीत गाणी करणाऱ्याचा निम्मा वेळ इथेच जातो.

दोन्ही परंपरा आपल्याकडे भक्कम आहेत. संगीत नाटकाच्या जुन्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर "चाल:" असं लिहून एखाद्या प्रचलित गाण्याची ओळ दिलेली दिसते; पद त्या चालीच्या मापात बसवलेलं असे. १९११ च्या "मानापमाना"ला चाली गोविंदराव टेंब्यांच्या. दुसऱ्या टोकाला गीतरामायण: १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं, गदिमांनी लिहायची, बाबूजींनी चाल लावायची. आठवड्याची मुदत डोक्यावर असताना कवितेचा छंद मुळातच घट्ट असेल, तर संगीतकाराचं अर्धं काम झालेलं असतं. मुदतीच्या कामात शब्द आधी घ्यावेत, या माझ्या मताला आधार म्हणाल तर हाच.

बँडमध्ये मात्र बहुधा रिफ किंवा ठेका आधी येतो, वर कुणीतरी अगम्य भाषेत गुणगुणतो, आणि मग त्या "डमी"वर शब्द बसवायचे असतात. ते असे बसवा:

डमीची ओळ पुन्हा पुन्हा ऐका आणि कागदावर फक्त आडव्या रेघा काढा: लहान सुराला लहान, लांबवलेल्याला लांब. सगळ्यात उंच सुरावर खूण करा, सगळ्यात लांब सुरावर दुसरी. या दोन जागा पवित्र. तिथे उघडा स्वर हवा. आ, ए, ओ चालतात. ई वर जाताना गळा आवळते. व्यंजनावर तर थांबताच येत नाही.

आता एक ओळ घ्या: "उशिरा आला पाऊस". ओळीच्या शेवटी सूर लांबवायचा असेल तर गायक "ऊ"वर लटकतो आणि "स" कुठे टाकायचा या विवंचनेत पडतो. तीच ओळ फिरवा: "पाऊस उशिरा आला". शब्द तेच, अक्षरं दोन्हींत आठच, पण शेवटी मोकळा "ला" मिळाला. मराठीत वाक्य असं फिरवता येतं ही फार मोठी सोय आहे. मात्र फिरवताना एक गोष्ट हलली: "उशि" ही दोन लघु अक्षरं ओळीच्या सुरुवातीला होती, ती मध्यावर आली. चालीत मध्यावर दोन लांब सूर असतील तर "उऽऽशीऽऽरा" असं ऐकू येईल आणि मराठी कानाला ते खुपेल. तेव्हा एकतर ते दोन सूर झटपट घ्या, किंवा दुसरा शब्द शोधा. अक्षरं जुळली म्हणजे मीटर जुळलं, असं समजून नवखे गीतकार नेमके इथे फसतात.

दुसरी अडचण आहे न उच्चारलेल्या "अ"ची. "शेवटची" हा शब्द कागदावर चार अक्षरांचा, पण बोलताना तीनच ठोके पडतात: शे-वट-ची. अभंगाच्या चालीत चारही अक्षरं सुटी गायली तरी गोड लागतात, कारण कानाला तशी सवय आहे. तोच शब्द रॉकच्या ठेक्यावर सुटा सुटा गायला, तर शाळेतल्या पाठांतरासारखा वाटतो. प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर म्हणूनच एक ओळ वाढवा: इथे लिहिल्याप्रमाणे मोजायचं की बोलल्याप्रमाणे?

बँडची गाणी चार सारख्या ओळींत अडकली असतील तर जुना देवद्वार छंद वापरून पाहा: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. नमुन्यादाखल:

शेवटची गाडी
सुटली कधीची
फलाटाला त्याची
खंत नाही

चौथा चरण आखूड पडला की त्याच्यामागे आपोआप रिकामी जागा तयार होते. तिथे रिफ, ड्रम्सची भरत, नाहीतर नुसती शांतता. गाणाऱ्याला श्वासही मिळतो.

आणखी एक निरीक्षण, मोठ्या आवाजाच्या बँडसाठी. सिंबल्स (ड्रम्सवरच्या झांजा) खणखणत असताना स, श, ह ही अक्षरं त्यांच्यातच विरघळतात. ट, ड, ग, ब, क आरपार जातात. हळवी गाणी करणाऱ्या गायिकेसाठी लिहिलेला "सहज स्पर्श सांजेचा" असला शब्दसमूह मैदानात कुणालाही ऐकू येणार नाही. कविता चांगली आहे की वाईट, हा प्रश्नच तिथे येत नाही.

पायरी ४: जॅमपॅडवर किती तयारी करून जायचं

ज्या बँडमध्ये प्रत्येक जण आपापला भाग स्वतः शोधतो, तिथे मुखडा, दोन-तीन कॉर्ड आणि एक ठेका, एवढंच न्या. घरी ड्रम्स, बेस, पार्श्वगायन सगळं प्रोग्रॅम करून नेलं की वादक फक्त नक्कल करतात, आणि मग "तू एकटाच कर की" हे वाक्य एके दिवशी येतंच. याउलट जिंगल किंवा मालिकेचं शीर्षकगीत असेल तर क्लिकसकट (लय धरून ठेवणारा ठोका) पूर्ण डेमो न्या. तिथे कुणालाही शोध लावायला वेळ नसतो.

जॅम संपली की लगेच, वायरी गुंडाळण्याआधी, त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं रूप एकदा सलग वाजवून रेकॉर्ड करा. दोन तासांच्या फाइलमधून ती जागा नंतर कुणीही शोधत नाही.

पायरी ५: तुकडा कुणाचा, हे तपासायची पद्धत

आता तो बेवारस तुकडा हातात घ्या. साथीशिवाय, फक्त पेटीचा सूर धरून गा. मग ठेका बदला: दादऱ्याचा केरवा करा, लय निम्मी करा. पट्टी हलवा. कुठल्या रूपात ओळ आपसूक पुढची ओळ मागते, ते बघा. त्यानंतर पायरी १ ची पानं समोर ठेवा आणि प्रत्येक गायकाच्या तोंडी ती ओळ कल्पून पाहा. बावीस वर्षांच्या पोराच्या तोंडी जे वाक्य उद्धट आणि छान वाटेल, ते पन्नाशीच्या गायिकेच्या तोंडी निव्वळ उद्धट वाटू शकतं, किंवा उलट.

कधी भाषाच निकाल लावून टाकते. विशाल दादलानी पेंटाग्राम या मुंबईच्या बँडमध्ये इंग्रजीत गात होता आणि त्याच काळात शेखरबरोबर हिंदी चित्रपटांना संगीत देत होता. अशा विभागणीत कुठली चाल कुठे जाणार, यावर फारसा वाद उरत नाही.

आता "सगळी सारखीच वाटतात" या तक्रारीबद्दल. तिचं कारण बहुतेकदा डोक्यात नसून हातात असतं. गिटार घेतली की बोटं त्याच तीन आकारांत जातात, आणि त्यांच्यावरची चालही त्याच घरंगळत्या वाटेने. एका प्रकल्पासाठी गिटारला हात न लावता फक्त पेटीवर चाल करा. तिथे कॉर्डचे आकार नसतात, सूर एकापाठोपाठ एक शोधावा लागतो. दुसऱ्यासाठी चालताना, वाद्याविना, नुसत्या गळ्यावर करा. तिसऱ्यासाठी ड्रमरला आधी ठेका मागा. माझ्या अनुभवात "वेगळं काहीतरी सुचू दे" म्हणत बसण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

पायरी ६: मोजून मापून केलेली गाणी

जिंगलचं गणित सरळ आहे. तीस सेकंदांची जाहिरात, चार ठोक्यांचा बार: ९६ बीपीएमला (मिनिटाला ९६ ठोके) बरोबर १२ बार, १२८ ला १६ बार. यातले शेवटचे दोन बार निवेदकासाठी आणि ब्रँडच्या नावासाठी सोडा. उरलेल्यात एक मुखडा नीट बसतो; अंतऱ्याचा मोह टाळा.

एकांकिकेत गळा नटाचा असतो, आणि तो नट गाण्याआधी रंगमंचावर धावलेला असू शकतो. त्याच्या तालमीला जा, प्रसंग पूर्ण झाल्यावर त्याच धापेत त्याला गायला सांगा, आणि त्यावरून पट्टी ठरवा. ओळी आखूड ठेवा. त्याआधीचं शेवटचं वाक्य तो साधारण कुठल्या सुरात टाकतो, ते टिपून गाणं तिथूनच उचललं, तर संवादातून गाण्यात जाताना सांधा दिसत नाही.

पायरी ७: हिशेब, गाणं ताजं असतानाच

हे कुणालाच बोलायला आवडत नाही. म्हणूनच ज्या दिवशी गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी बोला; गाजल्यावर बोलणं अवघड होतं.

आपल्या कायद्यात शब्द ही एक कृती, संगीत दुसरी आणि ध्वनिमुद्रण तिसरी. तिन्हींचे हक्क वेगवेगळे असू शकतात. शब्द आणि संगीताचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा करारात सोडून देता येत नाही. चित्रपटगृहातलं प्रदर्शन वगळता इतर वापराच्या रॉयल्टीत त्यांचा समान हक्क राहतो. ती रॉयल्टी गोळा करण्यासाठी आयपीआरएस ही संस्था आहे. तिथे सभासद व्हा आणि प्रत्येक गाण्याची नोंद करा. नोंद नसेल तर गाणं कितीही वाजो, पैसे तुमच्यापर्यंत पोहोचायला वाट नाही.

बँडमध्ये वाटणीच्या दोन रीती चालतात. आर.ई.एम. या बँडने गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावे सारखं ठेवलं, कुणी किती केलं याची मोजदाद न करता. लेनन-मॅकार्टनी जोडीने बीटल्समधली दोघांची गाणी, कुणी एकट्याने लिहिलेली असली तरी, जोडनावावर टाकली. बाकीच्या दोघांची मात्र त्यांच्या त्यांच्या नावावर. तालीम, प्रवास, स्पीकर उचलणं यांत सगळ्यांचा घाम सारखा असेल, तर सारखी वाटणी बँडला जास्त काळ एकत्र ठेवते, असं मला वाटतं. पण तुम्ही तीन प्रकल्पांत असाल आणि बाकीचे एकाच, तर दर गाण्यागणिक टक्के लिहिणं प्रामाणिकपणाचं. बेसवादकाची रिफ हा चालीचा भाग की वाद्यरचनेचा, हा वाद हमखास होणार. तेव्हा निकष आधीच ठरवा. आम्ही वापरतो तो असा: तो भाग काढून टाकल्यावर गाणं ओळखू येत नसेल, तर ती चाल.

कराराला वकील नसला तरी चालेल, पण मजकूर हवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश: गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती (बेरीज शंभर), आणि सगळ्यांचा "मान्य". त्यात आणखी एक ओळ घाला, जी लोक नेमकी विसरतात: प्रसिद्ध न झालेलं गाणं बँड सोडणाऱ्याबरोबर जाणार की बँडकडे राहणार. तुम्ही ते बेवारस तुकड्यातून आणलेलं असेल तर मूळ व्हॉइस नोटची तारीखही तिथेच टाका. आणि ते गाणं दुसऱ्या प्रकल्पाला द्यायची वेळ आली, तर पहिल्या बँडला पोस्टरवरून कळू देऊ नका. आधी फोन करा.